शेवटच्या रांगेतला रुमाल

विजू, ये गो इकडे. ती पिशवी ठेव खाली, कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर आण आणि बस माझ्यासमोर. आज तुला सोडणार नाही मी. नऊ वर्षं तू मला दरडावलंस. "सरू, श्वास कुठे घेतलास? सरू, वाक्य अर्धं गिळलंस!" आज माझी पाळी. काय ही रीत झाली? बारा बायका, अर्धी बसवलेली एकांकिका, स्पर्धा तोंडावर, आणि तू निघालीस. सांगून नाही, सवरून नाही. घसा दुखतोय, एवढंसुद्धा मला म्हणाली नाहीस. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकटीला नाही.

सभागृहाच्या दारातल्या फळ्यावर नार्वेकरांनी तुझा फोटो लावलाय. तेच नार्वेकर, आपले व्यवस्थापक, शनिवारी साडेपाच वाजले की दारात उभे राहून किल्ल्या वाजवणारे. फोटोखाली तुझा जन्म, शिक्षण, महापालिकेच्या शाळेतली नोकरी, बसवलेली नाटकं, सगळं वळणदार अक्षरात लिहिलंय. येणारे-जाणारे थांबून वाचतात. मी एकदाच वाचलं. खोटं काही नाही त्यात, पण तूही नाहीस. आता सभागृह चालवणारं मंडळ तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढतंय. नार्वेकर मला म्हणाले, "काकी, तुम्ही पण लिहा. एकच पान हं."

मी म्हटलं, "एका पानात मावणारी बाई होती का ती?"

"नव्हती," ते म्हणाले. "साडेपाचातसुद्धा कधी मावली नाही." आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले.

तेव्हा हे एक पान नाही. किती होतील ते होतील. कापायचं असेल तर नार्वेकरांनी कापावं, त्यांची हिंमत असेल तर.

तुला आठवतं ना, मी तुझ्याकडे शिकायला आलेच नव्हते. आमची ऋता तेव्हा आठ वर्षांची. मुलाची मुलगी, मेच्या सुट्टीत तुझ्या मुलांच्या शिबिराला यायची. एके दिवशी डबा घरीच विसरली. मी डिलाईल रोडवरून भर उन्हात चालत आले, घामाघूम. दारातून आत बघते तर नुसता अंधार. तुझ्या सवयीने पंखेसुद्धा बंद. उन्हातून आलेल्या माणसाला काय दिसणार? मी आपली दारातूनच हाक मारली. "ऋताऽऽ, डबा विसरलीस गोऽऽ!"

स्टेजवर झाडं झालेली सगळी पोरं दाराकडे वळली. तुझा आवाज आला, "कोण आहे ते?"

"मी तिची आजी. चुकलं बाई."

"चुकलं नाही. परत हाक मारा."

"कुणाला?"

"ऋतालाच."

"आता दिसली की ती मला."

"असू दे. मारा."

मी मारली. तू पोरांना म्हणालीस, "ऐकलंत? ओरडल्या का त्या? नाही ओरडल्या. पोचल्या." मग मला विचारलंस, "कुठे शिकलात हे?"

मी म्हटलं, "तिसऱ्या माळ्यावर."

खोटं काय होतं त्यात? खाली तीन पोरं खेळत असायची, वर दूध उतू जात असायचं. दर वेळी जिना उतरून बोलवायला वेळ कुणाला होता? गॅलरीत उभं राहायचं आणि ज्याला हवं त्यालाच हाक पोचवायची. बाकीच्यांची पोरं मान वर करायची नाहीत, आपलीच करायची. यालाही कुणी विद्या म्हणेल हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं. नवऱ्याने जन्मभर त्याला माझं बोंबलणं म्हटलं होतं.

"मोठ्यांचा वर्ग शनिवारी साडेतीनला असतो. या तुम्ही."

"मला धड वाचता येत नाही. चौथी शिकलेय."

"मी वाचायला कुठे बोलावतेय?"

झालं. एवढंच आपलं ठरलं.

पहिल्या शनिवारी मी नवं लुगडं नेसून आले, म्हटलं स्टेजवर उभी करणार. कसलं काय! म्हणालीस, "शेवटच्या रांगेत जाऊन बसा. रुमाल आहे ना?" म्हटलं ही बाई रडवणार आहे की काय. मग तू तुझा नियम सांगितलास. पंखे बंद, रस्त्याकडचे दोन्ही दरवाजे उघडे, बसचे हॉर्न, पुलावरच्या गाड्या, सगळं आत येऊ द्यायचं. एकीने शेवटच्या रांगेत बसायचं. स्टेजवरचं जे वाक्य तिच्यापर्यंत येणार नाही, त्याला रुमाल वर. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. रुमाल वर गेला की स्टेजवरचीने ते वाक्य पुन्हा म्हणायचं, आणि ते पोचेपर्यंत रुमाल खाली यायचा नाही. "मागच्या रांगेतला माणूसही वेळ काढून आलाय," तू म्हणायचीस. "त्याला अर्धं वाक्य देऊन घरी पाठवायचं?"

आणि दुसरा नियम. रुमाल धरलेल्या बाईला नातं नसतं. समोर मैत्रीण असो, विहीण असो, नाहीतर खुद्द तू असो.

पहिला महिनाभर मी एकदाही रुमाल उचलला नाही. उचलवेचना. बँकेत नोकऱ्या केलेल्या, साठी पार केलेल्या शिकल्यासवरल्या बायका समोर. त्यांना मी चौथी पास रुमाल दाखवू? एक दिवस तू स्टेजवरून उतरून शेवटपर्यंत आलीस आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलीस.

"त्या पिवळ्या साडीतल्या आत्ता काय म्हणाल्या?"

"पाण्याबद्दल कायतरी."

"कायतरी?"

"नीट नाही आलं."

"मग रुमाल कुठे होता?"

"मांडीवर."

"सरूबाई, तुम्ही खोटं बोललात."

"मी? मी तर तोंडच उघडलं नाही!"

"तेच म्हणतेय मी," तू म्हणालीस, आणि उठून गेलीस.

रागावले मी. घरी जाऊन भाकऱ्या थापताना तुझ्या नावाने दोन जास्तच थापल्या. पण रात्री पडल्यावर डोळ्यांसमोर किती गोष्टी आल्या, जिथे मी अशीच तोंड न उघडता खोटं बोलले होते. त्या तुला कधी सांगितल्या नाहीत, इथेही सांगणार नाही. पुढच्या शनिवारी पिवळ्या साडीतल्या बाईंना मी सात वेळा रुमाल दाखवला. सातव्यांदा त्या स्टेजवरून म्हणाल्या, "आता ऐकू आलं की येऊ तिथे?" त्या दिवसापासून आमची जी दोस्ती झाली ती झालीच.

आपण आधी अहो-जाहो होतो. ते सुटलं कसं, तेही लिहिते, नाहीतर पुस्तिका वाचणारे म्हणतील, एवढ्या मोठ्या बाईंना ही म्हातारी अरेतुरे काय करते.

नळावरची एकांकिका. आम्ही बायकांनी सांगितलेल्या चाळीतल्या गोष्टींवरून तू लिहिलेली. मी पहाटे नळावर पहिला नंबर लावणारी बाई. मोजून पाच वाक्यं होती मला. वरळीला महिलांची स्पर्धा, समोर परीक्षक, आणि मी तिसऱ्या वाक्यानंतर कोरी. काही म्हणजे काही आठवेना. मग मी नळाशीच बोलायला लागले. "काय रे, काल कुठे होतास? शेजारच्या चाळीत गेला होतास ना? मला सगळं कळतं." आणि जी गाडी सुटली ती सुटली. तू विंगेत वहीची पानं उलटीपालटी करतेयस, मी कुठल्या पानावर पोचले ते शोधतेयस, ते मला दिसत होतं. शेवटी प्रज्ञाने वाचवलं. प्रज्ञा, वरळीच्या बीडीडी चाळीतली, परळला हॉस्पिटलात नर्स, आपल्या वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात तिखट. ती बादली आपटून म्हणाली, "मावशी, त्याच्याशी लग्न करताय की पाणी भरताय? मागे लाईन बघा!" हॉलभर हशा. गाडी रुळावर आली.

पडदा पडल्यावर तू धावत आलीस. "सरू, काय बडबडत होतीस तू?"

"तू लिहिलंस तेच. जरा लांबवून."

दोघींच्याही लक्षात आलं. आणि मग तू अशी हसलीस की तुला बाकड्यावर बसवावं लागलं.

बक्षीस मिळालं नाही. पण परीक्षकांनी संहितेचं खास कौतुक केलं. त्यात ती माझी नळाची बडबडही धरलेली होती, हे तू मला तीन वर्षं ऐकवलंस. आणि नुसतं ऐकवून थांबली नाहीस. रेघांची वही आणून माझ्या हातात दिलीस. "जे बोललीस ते लिहून काढ."

"मी? लिहू?"

"हाक मारता येते ना? तशीच कागदावर मार."

भाजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर बोट ठेवून मी स्वतःच वाचायला शिकले होते, पण लिहायचं म्हणजे एकेका अक्षराला वेळ लागायचा. तू माझ्या चुका कधी आधी काढल्या नाहीस. म्हणायचीस, आधी सगळं सांगून टाक, ऱ्हस्वदीर्घ कुठे पळून जात नाहीत. आज हे लिहितेय ते त्या वहीच्या जोरावर. ऋता तपासून देणार आहे. तिला मी बजावलंय, चुका काढ, पण माझं बोलणं काढू नकोस.

तुझं कौतुक करायला बसले की मला आधी आठवतो तो चौदा एप्रिलचा, जयंतीचा कार्यक्रम. प्रज्ञाने आपल्याला तिच्या चाळीत बोलावलं होतं. उघडं मैदान, मागच्या गल्लीत गाणी लागलेली, पोरं फुगे फोडतायत. तिथे शेवटची रांग कुठून आणणार? मला वाटलं, आज तरी रुमालातून सुटका. तू सरळ मैदानाच्या टोकाला गेलीस, जिथे मोटारसायकली लावल्या होत्या, आणि तिथे रुमाल हातात घेऊन उभी राहिलीस. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःची खुर्ची आणून दिली. तू म्हणालीस, "नको बाबा, बसले तर माझी शेवटची रांग पुढे सरकेल." ते गृहस्थ मग तुझ्याबरोबर उभेच राहिले शेवटपर्यंत.

प्रज्ञाने तिच्या आईवरचा उतारा म्हटला. तिची आई पहिल्या ओळीत बसून मांडीवर थाप मारत होती. पोरगी काय बोलली, विजू! त्या गाण्यांच्या वरून, फुग्यांच्या वरून, शब्दन्‌शब्द. तुझा रुमाल मुठीतच राहिला. आणि अगदी शेवटच्या वाक्याला तुझे डोळे भरून आले म्हणून तू तो वर नेलास, तर स्टेजवर प्रज्ञा दचकली. तिला वाटलं पोचलं नाही! तिने शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. तू पुन्हा डोळे पुसलेस. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मीच ओरडले, "बाय गो, पोचलं! रडतेय ती!" लोकांना वाटलं तसंच लिहिलेलं आहे. टाळ्या थांबेनात.

आपली भांडणं काही कमी नव्हती. माईकचं भांडण तर अजून तसंच पडलंय. मंडळाने मागच्या वर्षी नवे माईक घेतले, कॉलरला लावायचे. नार्वेकर हौसेने घेऊन आले. तू बघितलंसुद्धा नाहीस. मी त्यांची बाजू घेतली म्हणून तू मला फितूर म्हणालीस. "विजू, बायकांची वयं बघ," मी म्हटलं. "कुणाला दमा, कुणाचे गुडघे. लाव की माईक. नाटक तर तेच राहील."

"माईक लावला की तुम्ही एकमेकींकडे बघणं सोडाल. त्या डबीत बोलाल."

"ज्यांना दमा आहे त्यांनी काय करायचं?"

"त्यांच्यासाठी मी वाक्यं लहान लिहीन."

आणि लिहिलीस, हे मला मान्य. दम्याच्या बाईंना चार-चार शब्दांची वाक्यं दिलीस, आणि त्याच सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. तरीही माझं मत आजही तेच आहे. सगळ्यांना तुझ्यासारखी बाई मिळत नाही वाक्यं कापून द्यायला. लावावा माईक. तू गेलीस म्हणून मी जिंकले असं मी समजत नाही, पण हरलेही नाही.

आता त्या शनिवारचं. टाळत होते, पण लिहायला हवं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दोन महिने मुलीकडे बदलापूरला होते. फोन तिच्या पोरांच्याच हातात असायचा. वर्गाच्या ग्रुपवर काय चाललंय ते मी बघत नव्हते. आणि बायकांनी आपसांत ठरवलं होतं, काकींना आत्ता काही कळवायचं नाही, ऑपरेशन झालंय, ताण नको. चांगल्या मनानेच ठरवलं असणार. तर मी काठी टेकत, खुशीत, साडेतीनच्या आधीच हजर. तू मला मिठी मारलीस. काही बोलली नाहीस. मला वाटलं गहिवरलीस. गळ्याला स्कार्फ होता, तर म्हटलं एसीत बसून आली असशील.

मग तू माझ्याकडे बोट केलंस आणि शेवटच्या रांगेकडे दाखवलंस. रुमालाची पाळी माझी.

प्रज्ञाला नव्या एकांकिकेचा शेवट म्हणून दाखवत होतीस. मी मागे बसले. पंखे बंद, दरवाजे उघडे. तुझे ओठ हलले, हात हलला, आणि माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. काही म्हणजे काही नाही. विजू, देवाशप्पथ सांगते, माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. नऊ वर्षांची सवय. मी रुमाल उचलला.

सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला कळेना, काय झालं? तू थांबलीस. पुन्हा म्हटलंस. माझा रुमाल वरच. मग तू प्रज्ञाकडचं तोंड वळवलंस आणि सरळ माझ्याकडे बघून काहीतरी बोललीस. ते एकांकिकेतलं नव्हतं, तुझ्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. ते मला होतं. आणि तेही ऐकू आलं नाही. आणि माझा हात, मेला, तसाच वर.

तू कागद ठेवलेस, पर्स घेतलीस आणि बाजूच्या दाराने निघून गेलीस. साडेचारसुद्धा झाले नव्हते.

बायका माझ्याभोवती जमल्या. मग एकेक करून सांगायला लागल्या. दोन महिने झाले, बाईंचा आवाज जातोय. प्रज्ञाने त्यांना हॉस्पिटलात घशाच्या डॉक्टरांच्या दाराशी बघितलं, बाईंनी तिला शपथ घातली, तिने तरी चौघींना सांगितलं, चौघींनी सगळ्यांना. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की बाई स्वतः बोलून दाखवत असतील तेव्हा रुमाल उचलायचा नाही. आठ शनिवार आठ जणी शेवटच्या रांगेत बसल्या. एकीनेही उचलला नाही.

"बाईंनी मला विचारलंसुद्धा होतं, काकी," प्रज्ञा म्हणाली. "मागे येतं का गं? मी म्हटलं, येतं ना, स्वच्छ येतं." आणि ती रडायला लागली.

"शेवटी माझ्याकडे बघून काय म्हणाली ती? तू तर जवळ होतीस."

"मलाही नाही आलं. नुसते ओठ हलले."

मी तुला फोन केले. तू उचलले नाहीस. आता कळतं, उचलून बोलणार काय होतीस? तेव्हा मात्र मला वाटलं, रागावलीय. आणि मग मला पण राग. म्हटलं, नियम तिचा, रुमाल तिचा, आणि रुसायचंही हिनेच? तुझ्या दादरच्या घराचे दोन जिने, माझा गुडघा, चांगलं निमित्त मिळालं. गुडघ्याने मी इकडे सभागृहात येऊ शकत होते आणि तुझ्याकडे येऊ शकत नव्हते, याचा हिशोब मला कुणी विचारला नाही. सोमवारी जायचं नक्की केलं होतं. रविवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला, तू गेलीस म्हणून.

त्या दिवसापासून माझं एकच चाललंय. मी चुकले का? मरायला टेकलेल्या मैत्रिणीला मी सगळ्यांसमोर दाखवून दिलं का, की तुझं आता संपलं? भाजी चिरताना तेच, देवापुढे बसल्यावर तेच. ऋता म्हणते, "आजी, तुला माहीतच नव्हतं, तुझी काय चूक?" पण माहीत असतं तर मी उचलला असता का, हे मला माझंच सांगता येत नाही.

मग एक गोष्ट ध्यानात आली. तू मला मागे पाठवलंस ते गुडघ्यासाठी, असं बायका म्हणत होत्या. उभं राहायला नको म्हणून. पण आपल्या सभागृहाला शेवटच्या रांगेकडे चढ आहे, वर तीन पायऱ्या आहेत. काठी घेऊन आलेल्या बाईला बसवायचंच होतं तर पहिल्या रांगेत बसवली असतीस. तू मला चढवलंस. आठ जणींना विचारून झालं होतं तुझं. त्या तोंड न उघडता काय करत होत्या, ते तुझ्याइतकं कुणाला कळणार?

खरं कळावं म्हणूनच तू मला मागे पाठवलंस, हे मला धरून ठेवावंसं वाटतं. पण मीच मला सोयीचं काढत नसेन कशावरून?

गेल्या शनिवारी तुझी शोकसभा झाली. सभागृह भरलं होतं. मुलांच्या शिबिरातली पोरं आता दाढ्यामिशांची होऊन आली होती. नार्वेकर माईकवर बोलले, माईक मध्येच शिट्टी मारत होता. तू असतीस तर माझ्याकडे बघून भुवया उडवल्या असत्यास. माझं नाव पुकारलं. नार्वेकर माईक माझ्या उंचीला आणायला लागले, मी म्हटलं, "काढा ते." एवढं तुझ्यासाठी केलं. एका दिवसापुरतं.

सुरुवात चांगली झाली. डब्याची हाक सांगितली, लोक हसले. नळाचं सांगितलं. मग म्हटलं, हेही सांगायचं. "त्या शनिवारी मी..." आणि आवाज आत गेला. मी बोलत होते, पण घशातल्या घशात. पहिल्या चार-पाच रांगा माना हलवत होत्या, असू दे काकी, असू दे, अशा. मीही तशीच पुढे रेटणार होते.

मागे रुमाल वर गेला.

प्रज्ञा. ड्युटी संपवून उशिरा आलेली, शेवटच्या रांगेत उभी. हात सरळ वर. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "अगं खाली घे, बरं दिसत नाही." तिने नाही घेतला. गालावरून पाणी वाहतंय आणि हात वर.

खरं सांगू? मला इतका राग आला, इतका राग आला! म्हटलं, मी इथे रडतेय आणि हिला नियम सुचतायत? तोंडातल्या तोंडात मी म्हणाले, "गप गो बाये." आणि मग तू शिकवलास तसा पोटातून श्वास घेतला आणि पुन्हा म्हटलं. रुमाल वरच. तिसऱ्यांदा म्हटलं, "त्या शनिवारी मी रुमाल उचलला!" भिंतींना लागून परत आलं ते वाक्य. रुमाल खाली गेला.

सभा संपल्यावर ती येऊन माझ्या खांद्यावर पडली. "काकी, बाईंसाठी नाही उचलला मी. राग आला तुमाला?"

"आला."

"मग?"

"मग काय? ऐकू आलं ना तुला?"

विजू, तो राग एका श्वासाएवढा होता गं. आणि तो गेल्यावर खाली काय होतं सांगू? समोरच्या रांगांना माझी दया आली होती. मागे उभ्या त्या एकटीला माझं वाक्य हवं होतं. मी त्या दिवशी तुझ्याकडून तेच मागत होते, मला माहीत नव्हतं तरी. तुला राग आला असणार. येऊ दे. तो राग मी आता आतून बघितलाय, त्याची मला भीती नाही. तू माझ्याकडे बघून "गप गो बाये" म्हणाली असशील, तुझ्या दादरच्या शुद्ध मराठीत, तरी मला चालेल. दुसरं काही म्हणाली असशील तर तेही चालेल. मी रुमाल उचलला ते चुकीचं होतं, असं मी आता म्हणणार नाही. त्यानंतर तुझे दोन जिने चढले नाही, ते चुकलं. त्याची माफी मागायला मी कुणाकडे जाऊ?

वर्ग बंद केलेला नाही. शेवटची एकांकिका आम्ही पुरी करतोय. तुझा तो शेवट प्रज्ञाच म्हणते, मी बघते कोण कुठे श्वास घेतंय ते. नार्वेकर आता सहा वाजले तरी किल्ल्या वाजवत नाहीत, फार चुकल्यासारखं वाटतं. त्यांना मी सांगितलंय, वाजवत जा हो.

तेव्हा ये एकदा. लवकर ये. शनिवार साडेतीन, वेळ तीच. दार उघडंच असतं, तुला ठाऊक आहे. राग गेला नसेल तर रागावलेली ये. माईकचं भांडणही करू, मी तयारीत आहे. आणि त्या दिवशी माझ्याकडे बघून काय म्हणालीस, तेवढं माझ्या कानाशी येऊन सांग. लांबून मला ऐकू आलं नाही, बाये.